उंच केलेली जीप

माझे भाऊजी खुशालराव गिऱ्हे यांनी आपली जीप उंच करून घेतली ती १९५८ च्या उन्हाळ्यात. ती उंच करावी हे मीच त्यांना सुचवलं होतं आणि मिस्त्रीही मीच गाठून दिला होता. म्हणून हे सांगायचं तर मीच सांगितलं पाहिजे.

भाऊजींचा मळा बोरखेडला, तेल्हाऱ्यापासून सात मैल आत. वांगी, मिरची, कोबी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. जीप लढाईतली होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ही एक, दोन-तीन मालकांच्या हातून फिरून त्यांच्याकडे आली होती. तिच्यातून ते आकोटच्या बाजाराला भाजी नेत. माझी थोरली बहीण मनकर्णा ही त्यांची बायको. तिला मी बाई म्हणत असे. आमची आई मी चार वर्षांचा असताना गेली, त्यानंतर मला वाढवलं ते बाईनं. वडिलांना मी मळ्यात हवा होतो. बाईनं त्यांच्याशी भांडून मला शाळेत ठेवलं. पुढे मी मास्तर झालो, अकोल्याला शाळेत लागलो, जठारपेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं.

बाईच्या हृदयाची झडप खराब होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याचं हे मागं राहिलेलं, असं डॉक्टर म्हणाले. पस्तिशीपर्यंत कोणाला कळलं नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही, तेव्हाही कोणाला कळलं नाही. मग दम लागू लागला, पाय सुजू लागले. पायांवर सूज आली की लगेच इंजेक्शन लागायचं, नाहीतर पाणी छातीत चढायचं.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अडचण नव्हती. पावसाळ्यात बोरखेडची पांदण, गावात जायची गाडीवाट, बंद पडायची. काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा वरंबा उभा राहतो. बैलगाडीला त्याचं काही नाही, तिचा आस उंच असतो. जीप मात्र चाकोरीत उतरली की पोटानं त्या वरंब्यावर बसायची आणि चारी चाकं चिखलात नुसती फिरत राहायची. ५७ च्या श्रावणात बाईला दम लागला तेव्हा असंच झालं. पांदणीच्या मधोमध जीप रुतली, बाईला उचलून बैलगाडीत घातलं, सात मैलांना पाच तास लागले. अकोल्याला पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. त्या वेळी ती वाचली.

पुढल्या चैत्रात भाऊजी माझ्याकडे आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मास्तर, यंदाच्या पावसाळ्याचं कसं कराचं?"

मी त्यांच्या आधीच त्याचा विचार केला होता. सरळ उपाय एकच होता. आषाढापासून आश्विनापर्यंत बाईनं आमच्याकडे राहायचं. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. मी रमाजवळ, माझ्या बायकोजवळ, तसं बोललोही होतो. रमाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, आषाढात बाळंत व्हायची होती, तिची आई यायची होती.

"चार महिने?" रमा म्हणाली होती. मग थोड्या वेळानं, "मी नाही म्हनत नाही. पन दोन खोल्यांत कोनं कुठं झोपाचं थे तुमीच सांगा."

ते मी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर जागा निघाली असती. ओटा होता, शाळेच्या शिपायाची रिकामी खोली मागच्या गल्लीत होती. मला रमाशी वाद नको होता. आजारी माणूस घरात चार महिने, रात्रीचं उठणं, औषधं, त्यात बाळंतीण, हे मला नको होतं. हे मी स्वतःशीही अशा शब्दांत बोललो नव्हतो. भाऊजींनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "भाऊजी, जीप उंच नाही होत?"

ते चमकून माझ्याकडे पाहू लागले. "होते काय?"

"होत असन. इचारून पाहू."

त्यांचा चेहरा उजळला. मलाही हलकं वाटलं.

ओमप्रकाश मिस्त्रीचं वर्कशॉप मूर्तिजापूर रोडला एका निंबाखाली होतं. लढाईच्या काळात तो ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करत होता. बोलायचा हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून. तो जीपखाली शिरला, पंधरा मिनिटं तिथंच पडून राहिला, मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "काय न्यायचं हाय हिच्यातून? माल का मानूस?"

"मानूस," भाऊजी म्हणाले.

"धडधाकट का बिमार?"

भाऊजी माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "बिमार."

"मंग पाटे वाढवाचे नाई," ओमप्रकाश म्हणाला. त्यानं आम्हाला खाली वाकवून दाखवलं. जीप लोखंडी पाट्यांच्या चवडींवर तोललेली असते, चार चाकांजवळ चार चवडी. चवडीत दोन-दोन पाटे वाढवले तर जीप दोन इंच वर जाते, पण दगडासारखी कडक होते. "पोते न्या, काई फरक नाई पडत. बिमार मानसाचं मात्र हाड न् हाड हालन." दुसरा रस्ता म्हणजे पाट्यांच्या टोकाच्या कड्या लांब करायच्या. काम एका दिवसाचं, पण दीड इंचाच्या वर मिळत नाही आणि स्टेअरिंग हातात राहत नाही.

"आन तिसरा?" भाऊजींनी विचारलं.

"तिसऱ्याले मेहनत हाय. या जीपचे पाटे आसाच्या खालून बांधले हायेत. थे सोडून आसाच्या वरून बांधाचे. पाटे तेच, नरमपना तोच, आन जीप सीधी पाच इंच वर." तो थांबला. "पन डोलन. वळनावर जोरानं घेतली तं पलटी खाईन. आन एक ध्यानात ठेवा, पाच इंच वर जाते थे पोट. चाकांच्या मधातला हा लोखंडी गोळा आसासंगच राह्यते, थो तसूभर वर येत नाई. थो वर पाह्यजे असन तं मोठे टायर लागतीन. आता हिले बसत नाईत, उंच केल्यावर बसतीन."

भाऊजींनी एका क्षणात सांगितलं, "तिसरंच करा."

टायर अकोल्यात मिळाले नाहीत. अमरावतीला जुन्या लष्करी सामानाचा एक व्यापारी होता, त्याच्याकडे आम्ही दोघं एसटीनं गेलो. भाऊजींनी सोबत सुतळी नेली होती, ओमप्रकाशनं गाठ मारून माप दिलं होतं. शे-दीडशे टायरांच्या ढिगात उन्हात उभे राहून ते एकेकाला सुतळी लावत होते, हात फिरवून भेगा पाहत होते. चार निवडायला त्यांना दुपार लागली. परत येताना मूर्तिजापूरला गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. भाऊजी म्हणाले, "मास्तर, तुमी नसते तं मले हे सुचलंच नसतं. तुमच्या बहिनीले मी सांगितलं, भावानं रस्ता काढला म्हून."

मी चहा संपवला.

काम अकरा दिवस चाललं. शाळेला सुट्टी होती, मी रोज सकाळी तिकडे जाऊन बसायचो. भाऊजी वर्कशॉपमध्येच खाटेवर झोपत. घरी चला म्हटलं तर म्हणत, "रमाबाईले कायले तकलीफ." ओमप्रकाशनं आसावर पाटे टेकवायचे नवे लोखंडी बैठे वेल्डिंग करून बसवले, पाटे वर घेतले, ब्रेकच्या नळ्या लांब केल्या. जीप उभी राहिली तेव्हा ती आमची वाटेना. लांब पायांच्या वासरासारखी दिसत होती. पहिल्या दिवशी रस्त्यावर काढली तर तीस मैलांच्या वेगाला अशी थरथरली की आरसा गळून पडला. आस उंचीमुळे तिरपा झाला होता आणि इंजिनापासून चाकांकडे जाणारा मधला दांडा वाकड्या कोनात फिरत होता. ओमप्रकाशनं शिव्या दिल्या त्या स्वतःलाच. बैठे कापून काढले, आस थोडा फिरवून पुन्हा जोडले. त्या मेच्या उन्हात लोखंडाला हात लागत नव्हता, तरी भाऊजी जॅक धरून खाली पडलेले असायचे.

शेवटी ओमप्रकाशनं विचारलं, "मागच्या चवडीतला एक पाटा काढून टाकू काय? अजून नरम होईन. बाईले झोपवून नेता येईन. पन मंग भाजी नाई लादता येनार."

"काढा," भाऊजी म्हणाले.

"भाजी कशी नेसान बाजारात?"

"बैलगाडीनं नेईन. पयले बैलगाडीच होती न."

गावाजवळच्या मोर्णा नदीच्या पात्रात जिथं म्हशींनी गाळ तुडवला होता तिथं आम्ही जीप उतरवली. ती डोलली, पण थांबली नाही. पलीकडच्या काठावर चढून उभी राहिली तेव्हा भाऊजी मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला ते बाईला तपासायला घेऊन आले. जीपचा पायटा आता बाईच्या कमरेला लागत होता. तिला चढता-उतरता येईना. भाऊजींनी एक लाकडी खोकं सोबत ठेवलं होतं. ते खाली ठेवायचे, तिला दोन्ही हातांनी धरायचे, ती एक पाय ठेवायची, श्वास घ्यायची, मग दुसरा. आजूबाजूचे लोक पाहत. बाईला लाज वाटत होती.

डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बाईला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "या पावसाळ्यात यांना खेड्यात ठेवू नका. सूज आली की त्याच दिवशी मला दिसल्या पाहिजेत. तुमचं घर इथंच आहे ना?"

मी म्हणालो, "डॉक्टर, जीप उंच करून घेतली आहे. कितीही चिखल असला तरी येता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहू लागले.

दुपारी बाई आमच्या ओट्यावर बसली होती. माझ्या मुलीला, अनुपमाला, मांडीवर घेऊन तिच्या वेण्या घालत होती. आत रमा भाकरी टाकत होती. बाई म्हणाली, "घर मस्त हाय तुयं, वसंता. हवा खेयते."

"हो."

"अठून दवाखाना दिसते काय?"

"नाही. त्या वळणापलीकडं आहे. जवळच आहे पण."

ती वेणी घालत राहिली. मी म्हणालो, "येत जाय मधून मधून."

"येईन न," बाई म्हणाली. चार वाजता ते गेले.

आषाढात रमाला मुलगा झाला. भाऊजींचं पोस्टकार्ड आलं, शाळेतल्या पोराच्या अक्षरासारखं त्यांचं अक्षर. पांदण भरली आहे, जीप दोनदा तेल्हाऱ्याला जाऊन आली, कुठे अडली नाही, तुमच्या बहिणीची प्रकृती ठीक, काळजी नसावी. मी ते कार्ड रमाला वाचून दाखवलं.

श्रावण अर्धा गेल्यावर, एका गुरुवारी, शाळेतून येऊन मी कपडे बदलत होतो आणि दारात जीप थांबली. ती ओळखू येत नव्हती. टपापर्यंत चिखल होता. भाऊजी स्टेअरिंगवरून हात काढेनात, बोटं आखडली होती. शेजारी त्यांचे चुलतभाऊ उत्तमराव. मागं गादीवर बाई टेकून बसली होती. तिचं तोंड सुजलं होतं आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते.

नंतर उत्तमरावांनी मला सगळं सांगितलं. पहाट फुटताच निघाले. पांदण तीन तासांत पार झाली. नाल्यापाशी चिखल चाकांच्या वर होता, तिथंही जीप गेली. एका जागी ती इतकी कलली की उत्तमराव बाहेर उडी मारून वरच्या बाजूला लटकले, आणि ती सरळ झाली. मागं बाईला धक्का बसला नाही. तेल्हारा आलं, आकोट आलं, सगळे म्हणत होते आता पोचलोच. पुढे पूर्णेच्या पुलावरून चार हात पाणी चाललं होतं. दोन्ही काठांवर गाड्या उभ्या होत्या. साडेचार तास ते तिथं थांबले. भाऊजी दर थोड्या वेळानं उतरून पाण्याच्या काठाशी जायचे, दगड ठेवून पाणी किती उतरलं ते पाहायचे, परत यायचे. बाई म्हणत होती, "तुमी बसा न एका जागी."

दारात मी जीपच्या मागं गेलो. तिला उतरवून पुन्हा चढवणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "बाई, चाल, दवाखान्यात जाऊ. पाच मिनिटं."

"लेकरू दाखव," ती म्हणाली.

रमा धावत बाहेर आली होती. तिनं बाळ दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. जीप इतकी उंच होती की तिला टाचा उंचवाव्या लागल्या. बाईनं हात पुढे केला, बाळाच्या टाळूपर्यंत बोटं पोचली. "आजोबावर गेलं," ती म्हणाली. रमा रडू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी चादर बाजूला करून बाईच्या पिंढरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरलाच नाही. "ही सूज आजची नाही," ते म्हणाले. "आठ-दहा दिवसांची आहे."

भाऊजी म्हणाले, "मले तं परवा दिसली. लुगडं टाचेपर्यंत घेत होती."

डॉक्टरांनी बाईला विचारलं, सांगितलं का नाही. ती भाऊजींकडे पाहत, थांबत थांबत म्हणाली, "पानी लागून होतं. एवढ्या पान्यात यायले कुठी धाडावं म्हटलं. उघडल्यावर सांगीन."

त्यांनी करायचं ते सगळं केलं. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास ती गेली. मी तिच्या उशाशी होतो, भाऊजी नळावर तांब्या भरायला गेले होते. ते परत आले, त्यांनी पाहिलं, आणि तांब्या खिडकीत नीट ठेवला.

व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले, "पहिल्या दिवशी दिसल्या असत्या तर हा पावसाळा निघाला असता. त्याच्या पुढचं मी सांगत नाही." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर भाऊजी अकोल्याला आले. झेंडूचा हंगाम झाला होता. ओट्यावर बसले. रमानं त्यांना जेवायला वाढलं, दोन दिवस राहा म्हणाली, आग्रह केला. ते नको म्हणाले. जेवण झाल्यावर मी सुपारी पुढे केली आणि विचारलं, "जीप परत खाली करायची काय? ओमप्रकाश विचारत होता. पाटा परत घातला तर भाजी नेता येईल."

"राहू द्या. गावात कोनाले ना कोनाले लागते. आता उत्तमच्या सुनेले नेलं होतं."

मग मी ते बोललो. तीन महिने ते सांगायचं राहून जात होतं. "भाऊजी, बाईले अठी ठेवाले पाह्यजे होतं. जागा होती. मी बोललो नाही. जीपचं काढलं."

ते सुपारी कातरत होते. कातरून झाली, तळहातावर घेतली.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

"तिले?"

"तिनं वैशाखात पेटी भरली होती. दोन लुगडे, घोंगडी, औषधं. वसंता बलावन म्हने, मंग घाई नको. जीप तयार झाली म्हून मी सांगितलं त्या दिवशी तिनं पेटी खाली केली. मले काई बोलली नाई. मी पाह्यलं."

आतून रमाची चाहूल थांबली होती. तिनं ऐकलं असावं. मला भाऊजींच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते पायांत चपला घालून उभे राहिले होते.

"मीबी तिले इचारलं नाई, जाशीन काय म्हून," ते म्हणाले. "मले वाटलं, जीप हाय."

ते पायऱ्या उतरले. जीपवर चढायला आता त्यांनाही त्रास होत होता. एका हातानं काच धरून त्यांनी स्वतःला वर ओढलं आणि बसले. मग इंजिन सुरू केलं आणि हळू, वळणावर फारच हळू घेत, ते निघून गेले.